वाद, जल्प आणि वितंडा : अमेरिकेतील दूरचित्रवाणी-वादसभा व मतदाराचा भ्रमनिरास

१

लोकशाहीत मतदाराला दोन गोष्टी लागतात. एक, मत देण्याचा अधिकार. आणि दुसरी, मत बनविण्याची साधने. पहिली गोष्ट कायद्याने देता येते, तिची नोंद घटनेत करता येते आणि ती नाकारली गेल्यास न्यायालयात दाद मागता येते. दुसरीचे तसे नाही. ती वृत्तपत्रे, सभा, ग्रंथ, शाळा, संभाषण अशा अनेक वाटांनी मतदारापर्यंत येते, आणि ती येईनाशी झाली तरी कोणत्याही न्यायालयात तक्रार नोंदविता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साधनांत एका नव्या साधनाची भर पडली. परस्परविरोधी उमेदवारांस एकाच व्यासपीठावर उभे करावे, त्यांस प्रश्न विचारावेत आणि तो प्रसंग दूरचित्रवाणीने घरोघर दाखवावा, अशी ती योजना होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० साली तिचा आरंभ झाला तेव्हा पुष्कळ विचारी माणसांस असे वाटले की, प्राचीन नगरराज्यांतील सभेचे पुनरुज्जीवन आता कोट्यवधी नागरिकांच्या राष्ट्रात शक्य झाले. पुढील साठ-पासष्ट वर्षांत मात्र त्याच मतदारांच्या मनात या वादसभांविषयी आणि त्यांच्या जोडीने येणाऱ्या मुलाखतींविषयी एक विषाद साचत गेला. तो कसा साचला, त्याचे मूळ कोठे आहे, आणि त्याचा दोष यंत्राकडे जातो की माणसांकडे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास आपल्याच परंपरेतील एक मोजपट्टी उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांमधील चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. ज्यात प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्वनिर्णय साधावयाचा असतो तो वाद. ज्यात विजय हे साध्य असते आणि त्यासाठी छल, जाति, निग्रहस्थान यांचाही आश्रय केला जातो तो जल्प. आणि ज्यात स्वतःचा पक्ष मुळीच न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडाव करावयाचा असतो ती वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेसंबंधी याहून व्यवहारी असे विवेचन आहे. तेथे स्नेहभावाची संभाषा आणि विग्रहाची संभाषा असा भेद केला असून, विग्रहात उतरण्यापूर्वी परिषद कशी आहे, जाणती की अजाण, अनुकूल की प्रतिकूल, हे पारखून घेण्यास सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर परिषदेशी आधीच संधान बांधून आपणास सोपा व प्रतिपक्षास अवघड असा विषय तिच्याकडूनच पुढे आणवावा, असाही सल्ला तेथे आढळतो. अमेरिकेतील या वादसभांचा इतिहास वाचताना चरकाचा हा सल्ला वारंवार आठवतो. तेथील पक्षांच्या सल्लागारांनी चरकसंहिता वाचली नसेल; पण परिषद आपल्या बाजूची करून घेण्याची विद्या त्यांस पूर्णपणे अवगत होती.

२

अमेरिकेत राजकीय वादाचा आदर्श म्हणून नेहमी १८५८ सालच्या लिंकन-डग्लस वादांकडे बोट दाखविले जाते. इलिनॉय राज्यातील सेनेटच्या जागेसाठी अब्राहम लिंकन आणि स्टीव्हन डग्लस यांनी २१ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात सात गावी सात वेळा वाद केला. प्रत्येक वाद तीन तासांचा असे. पहिल्या वक्त्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यावे आणि पुन्हा पहिल्याने अर्धा तास प्रत्युत्तर करावे, असा नियम होता. मध्ये कोणी प्रश्नकर्ता नव्हता. विषय एकच होता : गुलामगिरी, आणि नव्या प्रदेशांत तिचा प्रसार होऊ द्यावा की नाही.

या आदर्शाविषयी भाबडेपणा मात्र नको. हे वाद शुद्ध तत्त्वनिर्णयासाठी झाले असे कोणी म्हणणार नाही. डग्लस यांनी श्रोत्यांच्या वर्णद्वेषास आवाहन केले, आणि चार्ल्सटन येथे लिंकन यांनीही गोऱ्या व काळ्या वंशांच्या सामाजिक व राजकीय समतेचा आपण पुरस्कार करीत नाही असे सांगून टाकले. वृत्तपत्रे पक्षीय होती आणि आपापल्या नेत्याची भाषणे ती नीटनेटकी करून छापीत. शिवाय त्या काळी सेनेटचे सदस्य राज्याचे विधिमंडळ निवडीत असल्यामुळे श्रोत्यांस या दोघांपैकी कोणास प्रत्यक्ष मत देता येत नव्हते. लिंकन ती निवडणूक हरलेच. तरीही एक गोष्ट उरते. तीन तास बोलावयाचे असले म्हणजे माणसाला आपला पक्ष मांडावाच लागतो. चटकदार वाक्यावर दीड तास काढता येत नाही. त्या वादांतील विचार छापून ठेवण्याजोगा होता, आणि १८६० मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. जल्पाच्या अंगाने चाललेल्या चर्चेतही वेळेच्या विस्तारामुळे वादाचा अंश शिल्लक राहतो, हा १८५८ चा खरा धडा होय.

३

यानंतर शंभर वर्षांनी, २६ सप्टेंबर १९६० रोजी, शिकागो येथील एका दूरचित्रवाणी-केंद्रात जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर आले. ते घडून येण्यास कायद्याचा एक अडथळा दूर करावा लागला होता. १९३४ च्या दळणवळण कायद्याचे ३१५ वे कलम असे होते की, एका उमेदवारास प्रक्षेपणात वेळ दिला तर त्या पदाच्या सर्व उमेदवारांस तितकीच संधी द्यावी. लहानमोठे सर्व उमेदवार बोलवावेत अशी प्रक्षेपण-संस्थांची तयारी नव्हती. म्हणून काँग्रेसने त्या एका निवडणुकीपुरते ते कलम स्थगित केले. समानतेचा नियम बाजूला सारल्यावाचून ही वादसभा जन्मासच आली नसती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या रात्री साडेसहा कोटींहून अधिक लोकांनी तो प्रसंग पाहिला. प्रत्येकास आरंभी आठ मिनिटे आणि पुढे प्रत्येक उत्तरास अडीच मिनिटे अशी व्यवस्था होती. तीन तासांच्या जागी मिनिटे आली. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुग्णालयात राहून आलेले होते. ते कृश व थकलेले दिसत होते आणि त्यांनी नीट रंगभूषाही करून घेतली नव्हती. केनेडी ताजेतवाने व आत्मविश्वासपूर्ण दिसले. नभोवाणीवर ऐकणाऱ्यांस निक्सन सरस वाटले आणि पाहणाऱ्यांस केनेडी, अशी एक आख्यायिका तेव्हापासून सांगितली जाते. तिच्या मुळाशी एका लहानशा पाहणीचा आधार आहे आणि अभ्यासकांनी त्या आधाराविषयी रास्त शंका घेतल्या आहेत. पण आख्यायिका सत्य असो वा नसो, सर्व राजकारण्यांनी ती सत्य मानली. आणि इतिहासात असा समज हाही एक कारक असतो. नोव्हेंबरात केनेडी सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांपैकी अवघ्या १ लाख १३ हजारांच्या आसपासच्या मताधिक्याने निवडून आले. इतक्या थोड्या अंतरामुळे, त्या चार रात्रींनीच अध्यक्षपद दिले असे म्हणण्यास कोणालाही मोकळीक मिळाली.

टीकाही तेव्हाच सुरू झाली. इतिहासकार डॅनिएल बूर्स्टिन यांनी ‘द इमेज’ या आपल्या ग्रंथात या वादसभांस केवळ प्रसिद्धीसाठी रचलेल्या घटनांमध्ये गणले आणि त्यांची तुलना दूरचित्रवाणीवरील बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांशी केली. त्या प्रश्नमंजूषांतील लबाडी नुकतीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, उघडकीस आलेली असल्यामुळे ही तुलना वाचकांस झोंबणारी होती. बूर्स्टिन यांचा आक्षेप असा की, अडीच मिनिटांत न चाचरता उत्तर देणे ही अध्यक्षपदास लागणारी पात्रता नव्हे. अध्यक्षाने करावयाचा विचार सावकाश, सल्ल्याने आणि कागदपत्रे पाहून करावयाचा असतो. परीक्षा घ्यावयाची तर ज्या कामासाठी माणूस नेमावयाचा त्या कामाची घ्यावी, हे अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

पुढील तीन निवडणुकांत वादसभाच झाल्या नाहीत. १९६४ मध्ये जॉन्सन यांस त्या नको होत्या. १९६८ आणि १९७२ मध्ये निक्सन यांस नको होत्या. ज्याचे पारडे जड त्याने वाद टाळावा, हा नियम मतदारांस न विचारता ठरून गेला.

४

१९७५ साली दळणवळण आयोगाने कलम ३१५ चा नवा अर्थ लावला. वादसभा जर प्रक्षेपण-संस्थेने भरविली नसून दुसऱ्याच कोणी भरविली असेल आणि संस्था तिचे केवळ वार्तांकन करीत असेल, तर ती बातमीचा विषय ठरते. मग सर्व उमेदवारांस समान वेळ देण्याचे बंधन राहत नाही. या अर्थामुळे कोणी तरी तिसरा यजमान हवा झाला, आणि ती जबाबदारी लीग ऑफ विमेन व्होटर्स या स्त्री-मतदारांच्या संघाने उचलली. स्त्रियांस मताधिकार देणारी घटनादुरुस्ती संमत होण्याच्या सुमारास, १९२० मध्ये, कॅरी चॅपमन कॅट यांच्या पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली होती. नव्याने मताधिकार मिळालेल्या स्त्रियांनी तो समजून वापरावा हे तिचे ध्येय होते, आणि कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार करावयाचा नाही हा तिचा दंडक होता. यजमानपदास याहून योग्य संस्था शोधून सापडली नसती.

२३ सप्टेंबर १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथील वॉल्नट स्ट्रीट नाट्यगृहात जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची पहिली सभा झाली. ती संपत येत असता प्रक्षेपणाचा ध्वनी बंद पडला. दुरुस्तीस सुमारे २७ मिनिटे लागली. त्या सबंध वेळात दोघे उमेदवार आपापल्या मेजामागे बहुतांशी निश्चल उभे राहिले. ही गोष्ट हास्यास्पद म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती अर्थपूर्ण वाटते. कायद्याच्या दृष्टीने ही सभा संघाने भरविलेली होती आणि दूरचित्रवाणी केवळ तिची बातमी देत होती. नाट्यगृहात निमंत्रित श्रोते बसलेले होते. तरीही यंत्राचा आवाज जाताच वाद थांबला. सभा कोणासाठी चालली होती, हे त्या २७ मिनिटांनी सांगितले.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट उघड झाली. ६ ऑक्टोबरच्या सभेत फोर्ड यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असे विधान केले. सभा संपताच ज्यांस विचारले गेले अशा प्रेक्षकांस फोर्ड फारसे चुकले असे वाटले नव्हते. वृत्तपत्रकार आणि भाष्यकार यांनी त्या एका वाक्याची चर्चा दिवसभर चालविल्यानंतर मात्र मतदारांचा कौल पालटला. याचा अर्थ असा की, मतदाराने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवरील त्याचा निर्णय दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्याने सांगितला. वाद पाहण्यापेक्षा वादाविषयीचा निवाडा ऐकणे महत्त्वाचे ठरू लागले.

१९८० मध्ये संघाने स्वतंत्र उमेदवार जॉन अँडरसन यांस बोलाविले, तेव्हा अध्यक्ष कार्टर यांनी त्या सभेस येण्याचे नाकारले. मतदानास एक आठवडा उरला असता, २८ ऑक्टोबर रोजी, क्लीव्हलंड येथे कार्टर आणि रोनाल्ड रीगन यांची एकच सभा झाली. ती सुमारे ८ कोटी लोकांनी पाहिली. शेवटी रीगन यांनी मतदारांस साधा प्रश्न विचारला : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे काय? प्रश्न प्रभावी होता, आणि तो अप्रस्तुत होता असेही म्हणता येत नाही. परंतु त्या रात्रीपासून सर्व उमेदवारांचे सल्लागार तसल्या एका वाक्याच्या शोधास लागले. पुढे १९८३ मध्ये असेही बाहेर आले की, कार्टर यांच्या तयारीची टिपणे सभेपूर्वीच रीगन यांच्या गोटात पोहोचली होती.

१९८४ मध्ये परिषद निवडण्याचा प्रकार निर्लज्जपणे पुढे आला. प्रश्न विचारण्यासाठी संघाने जवळजवळ शंभर वृत्तपत्रकारांची नावे सुचविली होती. दोन्ही पक्षांस मिळून मान्य झाली ती फक्त तीन. सूत्रधार बार्बरा वॉल्टर्स यांनी सभेच्या आरंभीच ही गोष्ट प्रेक्षकांस सांगून आपली नाराजी व्यक्त केली. परीक्षार्थींनी परीक्षक नाकारण्याचा हा अधिकार त्यांस कोणी दिला, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

५

या सर्वांचा परिपाक १९८८ च्या निवडणुकीत झाला, आणि म्हणून त्या वर्षाकडे थोडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

वर्षाच्या आरंभी, २५ जानेवारी रोजी, उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांची सीबीएस वाहिनीवर डॅन रॅदर यांनी मुलाखत घेतली. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्या पैशाने निकाराग्वातील बंडखोरांस साहाय्य केल्याच्या प्रकरणात बुश यांचा वाटा काय, हा गंभीर व न्याय्य प्रश्न होता. मुलाखत थेट प्रक्षेपित व्हावी हा बुश यांचाच आग्रह होता, कारण थेट मुलाखतीत उत्तराची काटछाट करता येत नाही. सुमारे नऊ मिनिटे दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहिले. अखेरीस बुश यांनी, काही महिन्यांपूर्वी रॅदर रागाने आपली जागा सोडून गेले होते आणि पडदा काही मिनिटे रिता राहिला होता, त्या प्रसंगाची आठवण करून देऊन त्यांस निरुत्तर केले. दुसऱ्या दिवशी देशभर चर्चा झाली ती शस्त्रविक्रीची नव्हती. कोण जिंकला याची होती. प्रश्न विचारणारा उर्मट दिसला, उत्तर टाळणारा शूर दिसला, आणि मतदारास मुळात जे जाणून घ्यावयाचे होते ते त्या कलहात हरवले. प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नकर्त्याचेच वैगुण्य दाखविणे यास आपल्या शास्त्रकारांनी चर्चेत मान दिला नसता.

दरम्यान १९८७ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांचे अध्यक्ष फ्रँक फॅरनकॉफ व पॉल कर्क यांनी मिळून अध्यक्षीय वादसभांसाठी एक आयोग स्थापन केला होता. नाव आयोगाचे असले तरी ती सरकारी संस्था नव्हती, आणि तिचे दोन्ही प्रमुख पक्षांचेच प्रमुख होते. १९८८ मध्ये काही सभा या आयोगाने घ्याव्या आणि एक स्त्री-मतदार संघाने घ्यावी, अशी विभागणी झाली. संघाची सभा लॉस एंजेलिस येथे व्हावयाची होती. तिच्या दोन आठवडे आधी दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींनी आपसांत गुप्तपणे ठरविलेला १६ पानांचा करारनामा संघापुढे ठेवला. प्रश्नकर्ते कोण असावेत, श्रोत्यांत कोणी बसावे, वृत्तपत्रकारांस सभागृहात कोठवर प्रवेश असावा, यांसारख्या गोष्टी त्यात पक्षांनीच ठरविल्या होत्या. संघाने जागा द्यावी, नाव द्यावे आणि सही करावी, एवढेच त्याच्याकडे उरले होते.

३ ऑक्टोबर १९८८ रोजी संघाच्या अध्यक्षा नॅन्सी न्यूमन यांनी यजमानपद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या निवेदनाचा आशय असा की, या अटी मान्य करणे म्हणजे अमेरिकी मतदाराची फसवणूक करणे होय. उमेदवारांस ज्यात आशय नाही, उत्स्फूर्तता नाही आणि अवघड प्रश्नांस प्रामाणिक उत्तर नाही असा आणखी एक देखावा हवा आहे, आणि संघ त्या फसवणुकीत भागीदार होणार नाही.

आमच्या मते अमेरिकी वादसभांच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा दिवस होय. १९६० च्या सप्टेंबरातील ती प्रसिद्ध रात्रही त्यापुढे गौण वाटते. एका संस्थेस राष्ट्रव्यापी प्रसिद्धीची जागा मिळालेली असता, ती जागा प्रामाणिकपणे सांभाळता येत नाही म्हणून तिने ती सोडली. वादातला मध्यस्थ जर दोन्ही पक्षांनीच नेमलेला आणि बांधलेला असेल, तर त्याने आसनावरून उठावे, हाच त्याचा शेवटचा धर्म उरतो. तो संघाने पाळला. पण या त्यागाचा परिणाम काय झाला तेही सांगितले पाहिजे. सभा थांबली नाही. आयोगाने ती ताबडतोब आपल्याकडे घेतली, आणि ठरल्या दिवशी, १३ ऑक्टोबर रोजी, लॉस एंजेलिस येथे ती पार पडली. संघ नंतर या कामात परतला नाही. सत्याग्रहीने रिकामी केलेली जागा दुसऱ्याने भरली, आणि बहुतेक प्रेक्षकांस त्याची जाणीवही झाली नाही.

त्या सभेचा पहिलाच प्रश्न आजही आठवला जातो. वृत्तनिवेदक बर्नार्ड शॉ यांनी मायकेल डुकाकिस यांस विचारले की, आपल्या पत्नीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तर आपण त्या गुन्हेगारास देहान्त शिक्षा व्हावी असे म्हणाल काय? डुकाकिस यांनी शांतपणे नाही म्हटले. आपण आयुष्यभर या शिक्षेच्या विरोधात आहोत आणि तिच्यामुळे गुन्हे कमी होतात असा पुरावा नाही असे त्यांनी सांगितले. तत्त्वाच्या दृष्टीने हे उत्तर सुसंगत होते. प्रमाण व तर्क यांस धरून होते. वाद असता तर ते मान्य व्हावे किंवा त्यावर प्रतितर्क यावा. पण निवाडा झाला तो, त्यांच्या चेहऱ्यावर संताप का दिसला नाही, या मुद्द्यावर. ज्याने प्रश्नाचे उत्तर दिले तो हरला. त्याआधी ओमाहा येथील उपाध्यक्षपदाच्या सभेत लॉइड बेंट्सन यांनी, तुम्ही काही जॅक केनेडी नव्हे, असे डॅन क्वेल यांस सुनावून टाळ्या मिळविल्या होत्या. ते वाक्य अमर झाले. त्या सभेत राज्यकारभाराविषयी काय बोलले गेले ते कोणास आठवत नाही. आणि निवडणूक तर बुश व क्वेल यांनीच ४० राज्ये घेऊन जिंकली.

याच सुमारास अभ्यासकांनी सायंकाळच्या बातम्यांचे मोजमाप केले. १९६८ मध्ये बातम्यांत उमेदवाराचे बोलणे सलग सरासरी ४० सेकंदांहून अधिक ऐकू येई; १९८८ मध्ये ते १० सेकंदांच्याही खाली आले होते. १८५८ चे तीन तास येथपर्यंत आटले. त्या नोव्हेंबरात मतदानायोग्य वयाच्या लोकसंख्येपैकी निम्म्याच लोकांनी मत दिले. १९२४ नंतर इतके कमी मतदान झाले नव्हते. या घटीस केवळ वादसभा कारण होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. मतदार-नोंदणीचे जाचक नियम, पक्षांची सैल झालेली बांधणी, मताधिकाराच्या वयातील बदल अशी कारणे त्यामागे होती. परंतु ज्या साधनाने मतदारास जागे करावे असे म्हटले होते, त्या साधनाने ते केले नाही, एवढे तरी निश्चित.

६

मतदाराचा विषाद प्रत्यक्ष शब्दांत प्रकट झाला तो चार वर्षांनी. १५ ऑक्टोबर १९९२ रोजी व्हर्जिनियातील रिचमंड येथे बुश, बिल क्लिंटन आणि रॉस पेरो हे तिघे २०९ अनिश्चित मतदारांमध्ये बसले. या वेळी प्रश्न वृत्तपत्रकारांनी विचारावयाचे नव्हते, नागरिकांनी विचारावयाचे होते. आरंभीच चिखलफेकीचा निषेध झाला. कौटुंबिक तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या एका नागरिकाने, एका अर्थाने आम्ही तुमची लेकरे आहो असा दाखला देऊन, परस्परांच्या व्यक्तित्वावर घसरण्याऐवजी आमच्या गरजांविषयी बोलाल काय, असे तिघांस विचारले. राष्ट्राच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या जीवनावर काय परिणाम झाला, असे एका स्त्रीने विचारले. तो प्रश्न येत असतानाच अध्यक्ष बुश यांची नजर मनगटावरील घड्याळाकडे गेली, आणि कॅमेऱ्याने ती टिपली.

येथेही कॅमेऱ्याने हावभावच टिपला, हे खरे. तथापि रिचमंडचे वैशिष्ट्य त्यापलीकडचे आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदाराच्या हाती येताच त्याने पहिल्याने काय मागितले? त्याने चमकदार वाक्य मागितले नाही. त्याने वाद मागितला. मतदारांस तमाशाच हवा असतो, आम्ही केवळ त्यांची रुची पुरवितो, असे म्हणणाऱ्या व्यावसायिकांस याहून नेमके उत्तर कोणी दिलेले नाही. त्या वर्षी पेरो यांनी जवळजवळ १९ टक्के मते मिळविली आणि मतदानाचे प्रमाणही वाढले.

पुढच्या खेपेस, १९९६ मध्ये, आयोगाने पेरो यांस बोलाविलेच नाही. त्या वर्षीच्या दोन सभांचे प्रेक्षक सुमारे ४ कोटी ६० लाख आणि ३ कोटी ६० लाख एवढे खाली आले, आणि मतदान १९८८ पेक्षाही घटले. २००० मध्ये जनमत-चाचण्यांत १५ टक्के पाठिंबा असलेल्यांसच प्रवेश, असा नियम झाला. ज्याला लोक ओळखत नाहीत त्याला लोकांनी ओळखावे म्हणून वादसभा. आणि लोक आधीच ओळखत असल्यावाचून वादसभेत प्रवेश नाही, असे हे चक्र होय. २००४ मध्ये दोन्ही पक्षांचा करारनामा ३२ पानांचा झाला. मेजाची उंची त्यात होती. उमेदवारांनी एकमेकांस थेट प्रश्न विचारू नयेत हेही त्यात होते. वादी-प्रतिवादींनी परस्परांस प्रश्न विचारावयाचा नाही अशा वादाचे नाव न्यायशास्त्रात सापडणार नाही.

यापुढील कथा अलीकडची आहे आणि ती थोडक्यात सांगता येईल. २०१६ च्या पहिल्या सभेस ८ कोटी ४० लाख प्रेक्षक लाभले. तेव्हा प्रेक्षक वाढले म्हणजे विश्वास वाढला असे समजण्याची चूक करू नये. भांडण पाहावयासही गर्दी जमते. २९ सप्टेंबर २०२० रोजी क्लीव्हलंड येथे डोनल्ड ट्रम्प आणि जो बायडन यांच्या सभेत परस्परांचे बोलणे तोडण्याचा असा अतिरेक झाला की, शेवटच्या सभेत एकाच्या दोन मिनिटांच्या उत्तरात दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची योजना करावी लागली. मध्यस्थाच्या शब्दाने जे होईना ते कळ दाबून केले गेले. २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने आयोगाशी संबंध तोडला, आणि २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी त्याला वगळून परस्पर प्रक्षेपण-संस्थांशीच ठराव केले. ज्या आयोगाने स्त्री-मतदार संघास बाजूला सारले होते, त्याला पक्षांनी तसेच बाजूला सारले. २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथे श्रोत्यांवाचून झालेल्या सभेनंतर बायडन यांच्या वयाविषयीची शंका इतकी बळावली की, २१ जुलै रोजी त्यांनी उमेदवारी सोडली. या सभांस काहीच परिणाम नसतो असे म्हणणाऱ्यांस हे उत्तर आहे. एक सत्य त्या रात्री मतदारांस दिसले, यात संशय नाही. मात्र ते उमेदवाराच्या देहाविषयीचे सत्य होते. राज्यकारभाराविषयी त्या रात्री कोणास काही नवे कळले असे म्हणता येणार नाही.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दोष यंत्राचा की माणसांचा? यंत्राचा स्वभाव चेहरा दाखविण्याचा आहे, आणि चेहऱ्याचा परिणाम विचाराहून लवकर होतो, हे नाकारता येत नाही. परंतु आम्ही पाहिलेल्या प्रसंगांत निर्णायक हात यंत्राचा नव्हता. समान वेळेचा नियम स्थगित करणारे, प्रश्नकर्ते नाकारणारे, १६ आणि पुढे ३२ पानांचे करार करणारे, १५ टक्क्यांची वेस घालणारे, हे सर्व मनुष्येच होती. आणि प्रत्येक वेळी त्यांचा हेतू एकच होता : परिषदेचा अनिश्चितपणा नाहीसा करावा. ज्या सभेत वक्त्यास काहीही धोका नाही, त्या सभेतून श्रोत्यास काही लाभही नाही. मतदाराच्या विषादाचे मूळ येथे आहे. त्याला वाद देऊ केला होता. जल्प दिला गेला. आणि अलीकडे तर प्रतिपक्ष किती वाईट आहे एवढेच सांगणारी वितंडा त्याच्या वाट्यास येते.

तथापि विषाद आणि उदासीनता एक नव्हेत. ज्याची अपेक्षा मेली तो निराशही होत नाही. रिचमंडच्या त्या मतदारांचा राग, १९८८ मध्ये संघाने दिलेला नकार, ही अपेक्षा जिवंत असल्याची लक्षणे आहेत. शाळा-महाविद्यालयांतून वादविवाद-स्पर्धा भरविणाऱ्या अध्यापकांस यातून एक गोष्ट घेता येईल. आपण विद्यार्थ्यास ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलावयास शिकवितो, वेळेची घंटा वाजवितो आणि ढाल देतो. म्हणजे बहुधा जल्पाचेच शिक्षण देतो. ऐकणाऱ्याने काय विचारावे, उत्तर मिळाले नाही हे कसे ओळखावे, आणि प्रश्नाला बगल मिळताच तोच प्रश्न पुन्हा, न रागावता, कसा विचारावा, याचे शिक्षण मात्र कोणत्याही स्पर्धेत दिले जात नाही. वक्ते आपण पुष्कळ घडविले. यापुढे प्राश्निक घडवावे लागतील. कारण वादाची प्रतिष्ठा बोलणाऱ्यांच्या वक्तृत्वापेक्षा ऐकणाऱ्यांच्या चिकाटीवर अधिक अवलंबून असते.